हैदराबादेतली इर्जिक

मे महिना सरत आला की आमच्या ऑफिसच्या काचेच्या दाराशी नवी पोरंपोरी जमू लागतात. गळ्यात कोरे पट्टे, पाठीवर फुगलेल्या सॅक, आणि चेहऱ्यावर 'आपण इथं चुकून तर आलो नाही ना' असा भाव. ही आमची इंटर्न मंडळी. कॉलेजची सुट्टी लागली की दोन महिने इथं कामाला येतात आणि जाताना कुणी नोकरी घेऊन जातं, कुणी नुसता अनुभव. मी त्यांना लिफ्टमध्ये बघते. कुणी आरशात पट्टा सरळ करतं, कुणी फुकटच्या कॉफीच्या यंत्रासमोर उभं राहून कोणतं बटण दाबावं याचा अंदाज घेतं. मला हसू येतं, आणि त्याच वेळी इतक्या वरच्या मजल्यावर, एसीच्या गारव्यात, माझ्या नाकाला पऱ्हाटी जळल्याचा वास येतो.

पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. आमच्या राळेगाव तालुक्यात याच दिवसांत वाळलेली पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तिचे ढीग लावतात. थोडी चुलीला जाते, उरलेली पेटवतात. तो धूर कपड्यांत बसतो, केसांत बसतो, आणि एकदा बसला की माणूस हैदराबादला येवो नाहीतर आणखी कुठं, तो काही सोडून जात नाही. मी स्वतः इंटर्न होते त्या उन्हाळ्याला हाच वास आहे. तो मी जिंकलेला उन्हाळा आहे. आठवणी लिहायला बसलं की लोक एकदम नम्र होतात, सगळं श्रेय नशिबाला देऊन मोकळे होतात. मला ते साधत नाही. मला जिंकायला आवडतं आणि जिंकल्यावर सांगायलाही आवडतं.

पण त्याच्या आदल्या वर्षी आमच्याकडे कुणीच काही जिंकलं नव्हतं. बोंडं वरून हिरवीगार, टपोरी, आणि फोडली की आत गुलाबी अळी. वेचणीला गेलेल्या बाया किडून कवडी झालेला काळपट कापूस हातात घेऊन बघत राहायच्या. माझी माय त्यांतली एक. पांढरकवड्याच्या ज्या जिनिंगमध्ये बाबा मशीनवर होते, ती एरवी उन्हाळ्यापर्यंत धडधडत असायची. त्या वर्षी लवकरच गप्प झाली. बाबा दिवसा घरी दिसू लागले. त्यांना काय करावं कळेना, म्हणून ते सायकल उलटी करून तिची चाकं फिरवत बसायचे.

त्याच वर्षी फवारणी वेड्यासारखी वाढली. माझा देविदासमामा, म्हणजे मायचा धाकटा भाऊ, लोकांच्या वावरात रोजानं फवारायला जायचा. पऱ्हाटी त्याच्या डोक्याच्या वर वाढलेली, आणि पाठीवरच्या पंपातलं औषध वाऱ्यानं उलटून त्याच्याच तोंडावर. पोळ्याला मी यवतमाळच्या कॉलेजातून घरी आले होते, तेव्हा एका दुपारी मामा वावरातच कोसळला. मामा वाचला, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

अँब्युलन्स बोलावली. ड्रायव्हर बाहेरचा, त्याला आमच्याकडची वाट ठाऊक नव्हती. त्यानं फोनवरचा नकाशा लावला आणि नकाशानं त्याला फाट्यावरून डांबरी रस्ता सोडून पांदणीत घातलं. पांदण म्हणजे दोन वावरांमधली बैलगाडीची वाट. उन्हाळ्यात तिच्यावरून मोटार धावते. पण पाऊस झाला की आमची काळी माती लोण्यासारखी होते आणि चाकाला धरली की सोडत नाही. गाडी अर्ध्या पांदणीत जाऊन बसली. शेवटी आम्ही मामाला बाजेवर घातलं आणि गुडघाभर चिखलातून गाडीपर्यंत नेलं, तिकडून बैलजोडी आणून गाडी ओढून काढली. सगळा गाव ओरडत होता. मी मात्र ड्रायव्हरच्या हातातल्या फोनकडे बघत होते. त्यावर एक निळी रेघ होती, सरळ, पांदणीच्या मधोमध गेलेली. रेघेला चिखल लागलेला नव्हता. मला इतका राग आला की तो फोन घेऊन भिरकावून द्यावा.

राग ही माझ्याकडची भरवशाची वस्तू आहे. बाकी काही कमी पडलं तरी ती कमी पडत नाही. त्याच हिवाळ्यात ज्या कंपनीचा तो नकाशा होता, तिच्या परीक्षेला मी बसले. कॉलेजच्या लॅबमधल्या, मधूनच बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरवर मी ती परीक्षा दिली आणि पास झाले. मुलाखतीत एका गोड आवाजाच्या माणसानं विचारलं, आमच्या कोणत्या गोष्टीत तुम्हाला सुधारणा करावीशी वाटते? लोक म्हणे इथं कंपनीचं कौतुक करतात. मी त्यांना पांदण सांगितली. माझं इंग्रजी त्या पांदणीइतकंच खाचखळग्यांचं होतं, पण राग पोहोचला असावा. उन्हाळ्यासाठी मला नकाशाच्याच टीममध्ये घेतलं.

केळापूरच्या हायवेवरून मी हैदराबादची बस धरली. बाबा सोडायला आले होते. त्यांनी काही उपदेश केला नाही. बसच्या खिडकीची काच सरकते की नाही ते बाहेरून दोनदा बघितलं आणि म्हणाले, "जाय बापा. पोचली का फोन कर." मायनं डब्यात ठेचा आणि मोठ्या पिशवीत मुंगवड्या दिल्या होत्या. मुगाच्या डाळीच्या, छपरावर वाळवलेल्या. मी म्हटलं, तिथं कंपनीत जेवण फुकट आहे. माय म्हणाली, "फुकट राहीन. पण असू दे वं."

फुकट म्हणजे किती फुकट, हे मला तिथं गेल्यावर समजलं. नाश्ता, जेवण, फळं, आईस्क्रीम. पहिल्या दिवशी मी ताटात इतकं घेतलं की ते संपवायला लाज वाटली आणि टाकायला त्याहून जास्त. पण खरं सांगायचं तर, मला तिथं सगळ्यात जड गेला तो शांतपणा. एवढी माणसं, आणि आवाज नाही. प्रत्येकाच्या कानावर हेडफोन, प्रत्येकाचं आपापलं पडद्यातलं जग. आमच्याकडे वेचणीला बाया एका ओळीत लागल्या की कापसासोबत सगळ्या गावाची निंदानालस्ती वेचली जाते. हात चालतात तशी तोंडं चालतात. इथं हात चालत होते, पण तोंडं बंद. माझ्या कामावर देखरेख करणारी सौजन्या नावाची तेलुगू मुलगी भली होती, पण तीही शेजारी बसून मला चॅटवर लिहायची, 'जेवायला जाऊ या का?' मी मान वळवून तिला सांगायची, "चल ना." ती दचकायची.

काम असं होतं. आकाशातून काढलेले देशभरातल्या कच्च्या वाटांचे फोटो माझ्यापुढे होते. प्रत्येक फोटो बघायचा आणि ठरवायचं, ही वाट बारमाही आहे की पावसाळ्यात बंद. मी ठरवलेलं बघूनबघून मशीन शिकणार, आणि मग न बघितलेल्या वाटांबद्दलही आपणहून सांगू लागणार. शेवटी मोठ्या लोकांच्या पॅनेलपुढे हे मांडायचं. त्यांनी होकार दिला तर ते खऱ्या नकाशात जाणार, नाहीतर इंटर्नचा खेळ म्हणून फाईलबंद. मला त्या होकाराचं वेड लागलं होतं. नोकरीचंही होतं, नाही कशाला म्हणू? पण ऑगस्टमध्ये पुन्हा फवारण्या सुरू होणार होत्या, पुन्हा पाऊस पडणार होता, आणि ती निळी रेघ अजून पांदणीतच होती. हे माझ्याखेरीज त्या इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं.

मी बैलासारखी राबले. एकटीनं. फोटोमागून फोटो, वाटेमागून वाट. मातीचा रस्ता दिसला की माझं बोट आपोआप 'बंद'वर जायचं. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? पाऊस, माती, चाक, की संपलं.

मग अर्ध्या मुदतीची तपासणी आली. सगळ्या इंटर्ननी एकमेकांसमोर आपलं काम दाखवायचं. मी ऐटीत उभी राहिले आणि माझ्या मशीननं रंगवलेला देशाचा नकाशा पडद्यावर टाकला. बंद वाटा लाल रंगात होत्या. सगळा देशच लाल झाला होता. क्षणभर मलाही तो भारी वाटला.

मागून कुणीतरी हसलं. तो ऋत्विक होता, एका फार मोठ्या संस्थेतून आलेला, ज्याला बोलताना कधी अडखळायला लागत नाही असा मुलगा. तो म्हणाला, "याच्या हिशेबानं आमचं बाडमेर दर पावसाळ्यात जगापासून तुटतं. आमच्याकडे पाऊस झाला की वाळू घट्ट बसते. त्या वाटा उन्हाळ्यात फसतात आणि पावसाळ्यात चालतात!" मग केरळची एक मुलगी हळूच म्हणाली, की त्यांच्याकडच्या लाल दगडाच्या मातीत पाणी तासभरसुद्धा थांबत नाही. ओडिशाचा एक जण म्हणाला, आमच्या वाटा बांधावरून जातात, दोन्हीकडे पाणी असलं तरी. सगळे बोलू लागले. त्या इमारतीत मी पहिल्यांदा इतका आवाज ऐकला आणि तो सगळा माझ्या विरुद्ध होता.

मी काळ्या मातीतली. मला माती म्हणजे एकच माती माहीत होती, जी धरते. त्याच डोळ्यांनी मी कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंतच्या वाटा चिखलात घातल्या होत्या. दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसाला ही चूक सुचलीही नसती. आज मला तिचं हसू येतं. त्या दिवशी मात्र मी ऋत्विकला म्हणाले, तुझी वाळू तुझ्याजवळच ठेव. आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं. भांडणात मी फार पुढचा विचार करत नाही.

सौजन्यानं मला कँटीनच्या कोपऱ्यात नेलं. ती म्हणाली, चूक मोठी आहे पण कामाची कल्पना चांगली आहे. फोटो पुन्हा बघायला हवेत, त्या त्या मुलखाची माती ओळखणाऱ्यांनी. बाहेरच्या एजन्सीला काम द्यायचं तर मंजुरी यायलाच तुझी इंटर्नशिप संपून जाईल. "एकटीनं जेवढं होईल तेवढं कर," ती म्हणाली. तिच्या तोंडून ते समजूतदारपणाचं वाटत होतं, पण अर्थ एवढाच होता की सोडून दे.

संध्याकाळी मी मायला फोन लावला. ती सरकी लावायच्या आधीचं वावर साफ करून आली होती, दमलेली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिला नकाशा, मशीन, पॅनेल काही कळत नाही, पण काम अडलं हे तिला पहिल्या वाक्यात कळतं.

"किती जणायचं काम हाये?" तिनं विचारलं.

"पाच-दहा जणायचं तरी."

"अन् तू एकटीच करून राह्यली?"

"इथं प्रत्येकाचं आपलंआपलं काम राह्यते माय."

"वावरबी ज्याचं त्याचंच राह्यते. म्हणून का कोणी कोणाच्या वावरात जात नाही? एकटी कायले मरतं? इर्जिक घाल ना."

इर्जिक आता सगळीकडे राहिलेली नाही, आमच्या गावात अजून आहे. एखाद्याचं शेतकाम अडलं की तो गावाला हाक देतो. लोक आपापले बैल, डवरे, विळे घेऊन येतात आणि एका दिवसात काम उडवून देतात. मजुरी नसते. ज्याचं वावर त्यानं जेवू घालायचं, आणि पुढे ज्याच्या घरून हाक येईल त्याच्याकडे जायचं. मामा दवाखान्यात असताना त्यानं बटईनं, म्हणजे वाट्यानं, कसायला घेतलेल्या वावरात गवत कमरेला लागलं होतं. मायनं इर्जिक घातली. सकाळी धुऱ्यावर माणसांची ही रांग! त्यात शंकरकाकाही होते, ज्यांचं मामाशी धुऱ्यावरून भांडण होतं आणि दोघं कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आमच्या गावची रीतच तशी आहे. ज्याच्याशी बोलणं नाही, त्याला पहिली हाक. आणि दुसरी रीत म्हणजे पहिला घास घेण्याआधी मालकानं उभं राहून आलेल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मामा नव्हता म्हणून मायनं नावं घेतली. शंकरकाकांचं नाव घेतलं तेव्हा काका ताटाकडे बघत राहिले होते.

"माय, पण मी त्यायले जेवू काय घालू? इथं सारं फुकट मिळते."

"फुकटचं पोट भरते," माय म्हणाली, "वाढलेलं अंगी लागते. मुंगवड्या दिल्या ना तुले?"

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यात आधी ऋत्विककडे गेले. मनातून मी रीतीला शिव्या देत होते. त्याला म्हटलं, शनिवारी माझ्या कामाला ये, मी जेवू घालीन. "कँटीन चालू असतं शनिवारी," तो म्हणाला. मी म्हटलं, "मला माहीत आहे. तरी ये." मग एकेका इंटर्नच्या टेबलाशी जाऊन, त्यांच्या कानांवरचे हेडफोन उतरवायला लावून, तेच सांगितलं. लोक हसले. जिथं आईस्क्रीमसुद्धा फुकट आहे, तिथं ही मुलगी जेवणाचं आमिष दाखवते! ऑफिसभर तो विनोद झाला. चालू दे म्हटलं.

मी राहत होते त्या घराच्या मालकीणबाईंनी स्वयंपाकघर वापरायला दिलं, या अटीवर की त्यांनाही वाटीभर द्यायचं. पहाटेच उठून मी मुंगवड्यांचा रस्सा केला, आमच्याकडचा, वर तेलाचा तवंग येईल असा. ज्वारीच्या भाकरी थापल्या. भाकरीच्या आवाजानं मालकीणबाईंची सगळी भाडेकरू मंडळी जागी झाली, पण कुणी तक्रार केली नाही. मोठा डबा मांडीवर घेऊन रिक्षानं ऑफिसला गेले. दारावरच्या सिक्युरिटीनं डब्याचा वास घेतला आणि न तपासताच आत सोडलं.

सगळ्यात आधी ऋत्विक आलेला होता. खोलीतले सगळे पडदे त्यानं आधीच चालू करून ठेवले होते.

त्या दिवसाची आठवण आली की अजून माझ्या अंगात गरमी येते. एका खोलीत आम्ही सगळे, आणि कानावर कुणाच्याच हेडफोन नाही. फोटो पडद्यावर यायचा आणि मातीचा रंग बघून कुणीतरी ओरडायचं, "हे आमच्याकडचं! मला द्या!" केरळची मुलगी लाल वाटा भराभर मोकळ्या करत होती. आसामचा एक शांत मुलगा नदीकाठच्या वाटा बघून म्हणायचा, "ही वाट पुढच्या वर्षी इथं नसेल, नदी घेऊन जाईल." ऋत्विक वाळूतल्या चाकोऱ्या अशा वाचत होता, जशी माझी माय आभाळ वाचते. काळी माती आली की सगळे एका सुरात माझं नाव घ्यायचे, आणि मी 'बंद' म्हणायची, आणि कुणी वाद घालायचं नाही. एक वाट तिघांनी बघायची असं ठरवलं होतं. तिघांचं जमलं नाही तर मी त्या वाटेला वेगळा रंग द्यायची, विचारून जायच्या वाटांचा. कामासोबत गप्पा निघाल्या. कुणाच्या आजोबांची जीप कुठं फसली होती, कुणाच्या ताईची वरात बांधावरून कशी गेली होती. वेचणीच्या ओळीत बसल्यासारखं वाटत होतं.

दुपारी मी डबा उघडण्याआधी उभी राहिले आणि एकेकाचं नाव घेतलं. मोठ्यानं. मुलं लाजून हसू लागली, एकमेकांना ढोसू लागली. पण शेवटच्या नावापर्यंत खोली गप्प झाली होती. कामाला आल्याबद्दल आपलं नाव असं कुणी उभं राहून घेतं, याची त्यांना सवय नसावी. मग सगळे जेवणावर तुटून पडले. ऋत्विकनं ठेचा भाजी समजून घासभर घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी त्याला पाणी दिलं नाही, भाकरी दिली. पाण्यानं आणखी झोंबतं. तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं.

इर्जिकीनंतर फेड असते. पुढचे दिवस मी माझं काम सांभाळून ज्यानं त्यानं हाक मारली तिथं गेले. ऋत्विकची हाक नेमकी माझ्या पॅनेलच्या आदल्या दिवशी आली. त्याचं ॲप कुणीतरी निर्दयपणे वापरून मोडून दाखवायला हवं होतं. त्यासाठी माझ्याहून योग्य माणूस त्याला मिळालं नसतं. मी दुपारभर ते ॲप मनापासून मोडलं. सौजन्या डोक्याला हात लावून म्हणाली, "करुणा, उद्या तुझं पॅनेल आहे!" मी म्हटलं, म्हणून काय झालं? बैल आधी त्याचे आले होते.

पॅनेलमध्ये तिघं होते. मधल्या जाड चष्म्याच्या बाई सगळ्यांत वरच्या, ज्यांच्यापुढे सौजन्याही ताठ बसायची. मी पहिलंच पान पडद्यावर टाकलं. त्यावर इर्जिकीला आलेल्या सगळ्यांची नावं होती, आणि सगळ्यात खाली माझं. मला दुसरं काही सुचलंच नव्हतं. सुरुवात नावांनी करायची, एवढंच मला ठाऊक. सौजन्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी बघितला आणि मग माझ्या लक्षात आलं की इथं प्रत्येकाला त्याच्या एकट्याच्या कामावर जोखतात.

चष्म्याच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे काम एवढ्या जणांचं असेल, तर यात तुझं काय?"

नेहमीसारखा राग धावून आला.

मी म्हणाले, "मॅडम, वावर माझं आहे. काय पेरायचं ते मी ठरवलं, कोणत्या दिशेनं तास काढायचं ते मी ठरवलं, पीक बुडालं असतं तर माझंच बुडालं असतं. बैल सगळ्यांचे होते. आणि बैल सगळ्यांचे नसते, तर मी एकटीनं साऱ्या देशाला चिखलात घातलं असतं. अर्ध्या मुदतीला घातलंही होतं. दाखवू?" मी तो पहिला लालभडक नकाशा दाखवला, आणि त्याच्या शेजारी नवा. नव्यात वाळवंट मोकळं झालं होतं, कोकणपट्टी आणि केरळ मोकळं झालं होतं, आणि मधोमध काळ्या मातीचा पट्टा जसाच्या तसा लाल राहिला होता. मग मी त्यांना मामा सांगितला. बाज, चिखल, बैलजोडी, ड्रायव्हरचा फोन. सांगताना माझा आवाज चढला होता, हे मला बाहेर उभ्या असलेल्या ऋत्विकनं नंतर सांगितलं. त्याला काचेतून शब्द ऐकू येत होते म्हणे.

बाईंनी दोन्ही नकाशे पुन्हा बघितले. मग शेजारच्या माणसाला म्हणाल्या, "हे याच पावसाळ्यात चालू करता येईल?" तो म्हणाला, सगळीकडे नाही, पण प्रयोग म्हणून काही जिल्ह्यांत येईल. कोणते जिल्हे, असा प्रश्न निघायच्या आत मी म्हणाले, "यवतमाळ." बाई हसल्या. पहिल्यांदा. "ते आम्हाला कळलं," त्या म्हणाल्या.

मी बाहेर आले आणि त्या गालिच्याच्या, शांत, सभ्य कॉरिडॉरमध्ये खच्चून ओरडले. हेडफोनवाल्यांनी हेडफोन काढून बघितलं. ऋत्विक, केरळची मुलगी, आसामचा तो शांत मुलगा, सगळे धावत आले आणि तेही ओरडू लागले, कारण ते जिंकणं त्यांचंही होतं आणि नाव त्यांचंही लागलं होतं. आठवड्याभरात मला नोकरीचंही विचारलं. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांनी सायकल घेऊन पांढरकवड्यापर्यंत जाऊन सगळ्या ओळखीच्यांना सांगितलं, आणि ज्यांना ओळखत नव्हते त्यांनाही. माय म्हणाली, "माह्या मुंगवड्या होत्या त्या." आता लिफ्टमधली नवी पोरं मला कधीकधी विचारतात, एकमेकांची मदत घेतली तर चालतं का हो इथं? मी त्यांना म्हणते, चालतं. फक्त नावं घ्यायची, आणि फेडायची.

पण मी खरोखर कधी जिंकले, ते सांगायचं राहिलंच.

ऑगस्ट संपत आला होता. मी कॉलेजला परत आले होते. यवतमाळात दोन दिवसांपासून झड लागलेली, आणि नकाशातला बदल आमच्या जिल्ह्यात नुकताच सुरू झालेला. दुपारी मायचा फोन आला.

"तुहा मामा रागावला वं तुह्यावर."

"काहून? मी काय केलं?"

मग तिनं जे सांगितलं, ते मला माहीतच नव्हतं. गावातही फारसं कुणाला नव्हतं. दवाखान्यातून परत आल्यापासून, पाऊस लागला की मामा डोक्यावर पोत्याची खोळ घ्यायचा आणि 'वावर पाहून येतो' म्हणून निघायचा. तो वावरात जातच नव्हता. तो फाट्यावर जाऊन उभा राहायचा, जिथून पांदण फुटते तिथं. बाहेरची कोणतीही गाडी आली, नर्सबाईंची, बियाणेवाल्यांची, कुणाचीही, की हात आडवा करून तिला थांबवायचा आणि डांबरी रस्त्यानं जायला सांगायचा. पाऊस थांबेपर्यंत उभा. माझं कॉलेज, माझी परीक्षा, माझा उन्हाळा, सगळं चालू असताना हा माणूस तिथं भिजत होता आणि त्यानं एका शब्दानं कुणाला सांगितलं नव्हतं.

मायनं फोन मामाकडे दिला.

"बाई," मामा म्हणाला, त्याचा आवाज औषधानं बसला तो अजून पुरता सुटलेला नव्हता, "सकायपासून उभा होतो मी फाट्यावर. गाड्या आल्या. मी हात केला. एक थांबली नाही. साऱ्या आपल्या मनानंच डांबरीकडं वळून राह्यल्या. मांगून अँब्युलन्स आली, धनाबाईच्या सुनेसाठी. मी मधात जाऊन उभा राह्यलो, तं ड्रायव्हर मुंडकं काढून म्हणते, काका, बाजूला व्हा, मले रस्ता मालूम हाये."

"मंग?"

"मंग काय? झालो बाजूला. गेली सिधी गावात."

तो हसायला लागला आणि हसताहसता त्याला खोकला आला. मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडत होते, पण त्याला कळू देत नव्हते.

"मामा, आता कुठी हाये तू?"

"घरी," मामा म्हणाला. "अंग पुसून चहा पिऊन राह्यलो. आता तिथं माह्यं काय काम?"